बंदिस्त दालनातील गीत : दृश्यरचना आणि अलंकारविचार

१

ध्रुवपदाची आवृत्ती कानाला प्रिय असते; डोळ्याला मात्र तेच दृश्य दुसऱ्यांदा पाहताना शिळे वाटू लागते. गीताचे चित्रीकरण करणाऱ्या प्रत्येकापुढील मूळ अडचण या एका भेदात सामावलेली आहे. चार भिंतींच्या स्टुडिओत ही अडचण अधिकच बिकट होते. उघड्यावर चित्रित केलेल्या गीताला डोंगर, नदी, पाऊस, झाडी यांचा आधार असतो. आपल्या साहित्यशास्त्राने ज्यांना उद्दीपन विभाव म्हटले, ते सारे तेथे निसर्गतःच उपलब्ध असतात. स्टुडिओत यांपैकी काहीही नाही. तेथे लाकडी जमीन आहे, काळोख आहे, दिवे आहेत आणि गाणारा माणूस आहे. तीन-चार मिनिटांच्या गीतात कथेच्या दृष्टीने बहुधा काही घडतही नाही. अशा स्थितीत डोळ्याला गुंतवून कसे ठेवावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ तंत्रज्ञाचा वाटतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की हा प्रश्न मूलतः काव्यशास्त्राचा आहे, आणि भारतीय साहित्याच्या अभ्यासकाने तो आपला मानावयास हवा.

असे म्हणण्याचे कारण उघड आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आपल्या देशात गीतकाव्याचा फार मोठा भाग वाचकांपर्यंत पुस्तकातून न जाता चित्रातून गेला. संतांचे अभंग, भजने, गझला, ठुमऱ्या यांनाही आज एखाद्या बंद दालनातील चित्रीकरणाची जोड मिळते आणि त्याच रूपात त्या नव्या पिढीच्या स्मरणात राहतात. दृश्य शब्दाला साहाय्य करते की शब्दाचा बळी घेते, यावर त्या काव्याचे पुढील आयुष्य अवलंबून आहे. म्हणून या दृश्याचे परीक्षण करण्यासाठी काही निकष हाती असणे अगत्याचे ठरते.

२

निकषांसाठी फार दूर जावे लागत नाही. 'ध्वन्यालोका'च्या दुसऱ्या उद्द्योतात आनंदवर्धनाने अलंकारांच्या योजनेविषयी जे विवेचन केले आहे, ते येथे जवळजवळ जसेच्या तसे उपयोगी पडते. त्याच्या मते रसयुक्त काव्यातील अलंकार 'अपृथग्यत्ननिर्वर्त्य' असावा. म्हणजे रसनिर्मितीच्या ओघातच तो सिद्ध व्हावा, त्यासाठी कवीला वेगळा खटाटोप करावा लागू नये. पुढे तो आणखी काही दंडक सांगतो. अलंकार हा रसाचे अंग म्हणून यावा, अंगी होऊन बसू नये. तो योग्य वेळी घ्यावा आणि योग्य वेळी सोडावा. घेतलेला अलंकार शेवटपर्यंत निभावून नेण्याचा अट्टाहास नसावा.

चित्रीकरणातील दिव्यांचे खेळ, कॅमेऱ्याची सरक, आरसे, धूर, नेपथ्य हे सारे अलंकारच होत. तेव्हा हे दंडक त्यांनाही लागू करून पाहता येतील. यांच्या जोडीला भरताचा एक विचार ध्यानात ठेवावा लागेल. 'नाट्यशास्त्रा'तील कक्ष्याविभागात रिकाम्या रंगभूमीवरच घर, नगर, वन, नदी यांची स्थळे कल्पिलेली आहेत. पात्राने परिक्रमा केली की स्थळ बदलले असे मानावयाचे. आधी प्रवेश केलेली पात्रे आत आहेत, मागाहून आलेली बाहेर आहेत, असे समजावयाचे. स्थळ दाखविण्यापेक्षा ते मानावयास लावणे, ही नाट्यधर्मी वृत्ती होय. स्टुडिओची भूमी हीदेखील अशीच रिकामी भूमी आहे. तिला खऱ्या निसर्गाची नक्कल करावयास लावले, तर ती हमखास उघडी पडते. तिच्या बंदिस्तपणालाच काही अर्थ दिला, तर तीच बोलू लागते.

पुढे चार उदाहरणे घेतली आहेत. त्यांचा क्रम निकषांना धरून आहे, निर्मितीच्या वर्षांना धरून नाही.

३

पहिले उदाहरण 'प्रभात'च्या 'संत तुकाराम' (१९३६) या मराठी चित्रपटाचे. विष्णुपंत दामले व एस. फत्तेलाल यांनी तो पुण्याच्या प्रभात स्टुडिओत निर्माण केला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली. संगीत केशवराव भोळे यांचे. तुकारामाची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस स्वतः गायक होते. पडद्यावर दिसणारा आणि ऐकू येणारा माणूस एकच होता.

हा तपशील महत्त्वाचा आहे. पार्श्वगायनाची पद्धत आपल्याकडे १९३५ च्या सुमारास कलकत्त्याच्या 'न्यू थिएटर्स'मध्ये नितीन बोस यांच्या चित्रपटातून रूढ होऊ लागली. तोवर गाणे व चित्रण एकाच वेळी होत असे. गायकाला ध्वनिग्राहकाजवळ राहावे लागे, वादकांना चौकटीबाहेर लपावे लागे आणि कॅमेऱ्याला फारसे हलता येत नसे. पुढे गाणे आधी मुद्रित होऊ लागले, तेव्हा कॅमेरा मोकळा झाला. परंतु मोकळा झालेला कॅमेरा धावलाच पाहिजे असे नाही, हे 'संत तुकाराम' दाखवितो.

या चित्रपटात तुकारामाचा अभंग सालोमालो हा कीर्तनकार चोरतो आणि आपला म्हणून गातो. शब्द तेच, दैवत तेच. तुकाराम गातो तेव्हा चौकट स्थिर असते, चेहऱ्यावरील भाव संथ असतो, हातवारे नसतात. आपले डोळे त्या माणसाच्या तंद्रीत शिरतात. सालोमालोच्या गाण्यात ताना आहेत, मुरडी आहेत, ऐकणाऱ्यांकडे टाकलेले कटाक्ष आहेत. एकाच काव्याच्या या दोन सादरीकरणांतून दिग्दर्शकांनी अलंकाराविषयीचा एक निबंधच लिहिला आहे असे म्हटले तरी चालेल. सालोमालोचा अलंकार अंगी होऊन बसला आहे, आणि शब्द त्याचे निमित्त बनले आहेत. तुकारामाच्या गाण्यात पाहण्यासारखे फारसे काही नाही, तरी आपण त्याच्याकडेच पाहत राहतो. यावरून असा निष्कर्ष निघतो, की बंद दालनात डोळा कंटाळतो तो हालचाल कमी असल्यामुळे नव्हे. चौकटीतील माणूस जे गातो आहे त्यात स्वतः नसला म्हणजे डोळा कंटाळतो.

येथे आणखी एका गोष्टीचा उल्लेख करावयास हवा. या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेले एक पद इतके अभंगवाणीशी एकरूप झाले, की अनेकांनी ते तुकोबांचेच मानले. या समजुतीत आठवल्यांच्या शब्दकळेचा वाटा मोठा आहेच. पण पडद्यावर त्या शब्दांचे उच्चारण करणाऱ्या शांत मुद्रेचाही त्यात वाटा असावा, असे मला वाटते. संहितेचे कर्तृत्व ठरविताना दृश्याचा परिणाम कोठवर पोहोचतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

४

दुसरा दंडक 'योग्य वेळी ग्रहण' हा. त्यासाठी के. आसिफ यांच्या 'मुग़ल-ए-आज़म' (१९६०) मधील शीशमहालाचे गीत पाहावे. शब्द शकील बदायूनी यांचे, संगीत नौशाद यांचे, छायालेखन आर. डी. माथुर यांचे. मुंबईच्या मोहन स्टुडिओत उभारलेल्या या महालाची लांबी १५० फूट, रुंदी ८० फूट व उंची ३५ फूट होती असे सांगितले जाते. बहुतांशी कृष्णधवल असलेल्या या चित्रपटातील हे गीत रंगीत आहे.

आरशांनी मढविलेले दालन ही छायालेखकाची कसोटी असते. प्रत्येक दिव्याची तिरीप शेकडो काचांवरून उलटून भिंगात शिरते आणि चित्र पांढरे पडते. म्हणून येथे प्रकाश थेट न टाकता परावर्तित करून, मऊ करून वापरावा लागला. एवढ्या कष्टाने साधलेली गोष्ट एखाद्या सामान्य दिग्दर्शकाने पहिल्या ओळीपासूनच प्रेक्षकांपुढे मांडली असती. आसिफ यांनी तसे केले नाही. गीताच्या पूर्वार्धात आरसे चमकतात, परंतु ते वैभवाचे एक अंग म्हणून. लक्ष आहे ते अनारकली, सलीम आणि अकबर यांच्या मुद्रांवर. मग तो अंतरा येतो, ज्यात हे प्रेम आता लपणार नाही आणि प्रियकराचेच दर्शन चहूकडे घडते आहे, असा आशय आहे. त्याच क्षणी छताच्या असंख्य काचांत असंख्य अनारकली गिरक्या घेताना दिसतात आणि बादशहाची नजर वर वळते.

येथे नेपथ्याने कवितेचे वाक्य अक्षरशः खरे करून दाखविले आहे. शब्दांत 'चहूकडे' हा अतिशयोक्तीचा प्रकार होता. दृश्यात ती वस्तुस्थिती झाली. बादशहाला एक नर्तकी भिंतीत चिणता येईल, पण छतावर उमटलेल्या शेकडो प्रतिमांचे तो काय करणार, हा ध्वनी शब्दांत नाही आणि केवळ दृश्यातही नाही. दोहोंच्या भेटीतून तो उमटतो. ही भेट अंतऱ्याच्या त्या ओळीवर घडली म्हणूनच परिणामकारक झाली. चार ओळी आधी घडली असती, तर ती केवळ करामत ठरली असती.

५

तिसरे उदाहरण गुरुदत्त यांच्या 'काग़ज़ के फूल' (१९५९) मधील, गीता दत्त यांनी गायिलेल्या व ओस पडलेल्या स्टुडिओत चित्रित झालेल्या गीताचे. शब्द कैफी आझमी यांचे, संगीत सचिन देव बर्मन यांचे. भारतातील हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. तो व्यवसायात अपयशी ठरला. परंतु त्याचे छायालेखक व्ही. के. मूर्ती यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला आणि पुढे २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कारही.

या गीतात घडते फार थोडे. दिग्दर्शक सुरेश आणि अभिनेत्री शांती एकमेकांपासून अंतरावर उभे आहेत. दोघांचेही ओठ मिटलेले आहेत; गीत कुणाच्याही मुखातून येत नाही. वरून प्रकाशाचा एक तिरपा, रुंद झोत काळोखात उतरला आहे. कॅमेरा संथपणे मुद्रांच्या जवळ सरकतो. एका क्षणी दुहेरी छायांकनाने दोघांच्या देहांतून त्यांच्या आकृती निघतात, त्या झोतात भेटतात, आणि देह मात्र जागच्या जागी राहतात.

हा झोत कसा साधला, हे मूर्तींनी सांगून ठेवलेले आहे. दिव्यांनी हवा तसा समांतर झोत मिळेना. तेव्हा बाहेरील उन्हात एक मोठा आरसा ठेवून सूर्यप्रकाश दुसऱ्या आरशावर आणि तेथून स्टुडिओच्या आत वळविण्यात आला. प्रकाशाचा मार्ग दिसावयाचा तर हवेत धूळ वा धूर असावा लागतो. ओसाड स्टुडिओच्या वातावरणाला तो शोभूनही दिसतो.

आनंदवर्धनाची 'अपृथग्यत्न' ही कल्पना येथे नीट समजून घेतली पाहिजे. आरसे लावण्याचा यत्न तर झालाच होता. पण प्रेक्षकाला तो वेगळा यत्न म्हणून जाणवत नाही, कारण दृश्यातील प्रत्येक वस्तू कथेचीच आहे. ही कथाच चित्रपट-दिग्दर्शकाची आहे. त्याचे घर तुटलेले आहे, आणि ज्या एका जागी या दोघांना एकत्र असता येते ती जागा म्हणजे हा स्टुडिओ. त्यामुळे येथे स्टुडिओ दुसऱ्या कुठल्या स्थळाचे सोंग घेत नाही. तो स्टुडिओच आहे. बंदिस्तपणा हा दोष न राहता गीताचा आशय बनला आहे. काळाने दोघांनाही पालटून टाकले, हा गीताचा भाव; त्याला चौकटीच्या रुंदीने दोघांमधले अंतर दिले आणि झोताने त्या अंतरात एक न घडणारी भेट दिली.

आणि योग्य वेळी त्यागही येथे आहे. आकृतींची भेट एकदाच होते. ध्रुवपद परत येते, पण ती युक्ती परत येत नाही. ऐकणाऱ्याच्या कानात ओळ पुन्हा वाजत असताना डोळ्यापुढे आता केवळ दोन मुद्रा असतात. भेट स्मरणात गेलेली असते. लेखाच्या आरंभी मांडलेल्या अडचणीचे हे फार मार्मिक उत्तर आहे. आवृत्ती कानाकडे राहू द्यावी, डोळ्याला त्या आवृत्तीचा परिणाम दाखवावा. चित्रपटाच्या शेवटी हाच दिग्दर्शक स्टुडिओतील दिग्दर्शकाच्या खुर्चीत मृतावस्थेत सापडतो, तेव्हा त्या गीताची पोकळी पुन्हा एकदा अर्थपूर्ण होते.

६

चौथा दंडक अलंकार शेवटपर्यंत न ताणण्याचा. राज कपूर यांच्या 'आवारा' (१९५१) मधील स्वप्नदृश्य या संदर्भात तपासण्यासारखे आहे. कलादिग्दर्शन एम. आर. आचरेकर यांचे, छायालेखन राधू कर्मकार यांचे, संगीत शंकर-जयकिशन यांचे आणि गीते शैलेंद्र यांची. सुमारे नऊ मिनिटांच्या या दृश्यमालेत तीन गीतांची गुंफण आहे. ढग, वर चढत जाणारा जिना, प्रचंड मूर्ती, ज्वाळा आणि राक्षसी आकृती यांतून नायकाच्या मनातील नरक आणि स्वर्ग उभे केलेले आहेत.

येथे भरताचा कक्ष्याविभाग आधुनिक साधनांनी साकार झाला आहे. धुराने जमीन झाकली की स्टुडिओची कडा नाहीशी होते. मोजक्या फुटांचे दालन अमर्याद भासू लागते. लयीचा बदल हा स्थळाच्या बदलाचा संकेत ठरतो : एक चाल म्हणजे स्वर्ग, दुसरी म्हणजे नरक. प्रेक्षक भिंत शोधत नाही, कारण हे स्वप्न आहे हे त्याने मान्य केलेले असते. स्वप्नाचा हा करार म्हणजे नाट्यधर्मीचाच एक अवतार होय.

तरीही एक मर्यादा दाखविणे भाग आहे. नरकातील नायकाचा आक्रोश ऐकू येतो तेव्हा ज्वाळा आणि आकृती शब्दांची धार वाढवितात. परंतु मूर्ती, धूर व समूहनृत्य यांचे वैभव पुढे त्याच प्रमाणात चालू राहते, आणि शेवटच्या गीतात शैलेंद्रांचे साधे, घरगुती शब्द त्या वैभवाखाली काहीसे दबतात. परदेशी गेलेला माणूस घरी परतला, एवढाच त्यांचा आशय. त्याला एवढ्या पायऱ्यांची आवश्यकता होती काय? येथे अलंकार निभावून नेण्याची हौस दिग्दर्शकाला आवरता आली नाही, असे माझे मत आहे. स्वप्नाला सारेच शोभते असा यावर प्रतिवाद होऊ शकेल, आणि तो अगदीच निराधार नाही. पण स्वप्नालाही उतार असतो, आणि त्या उतारावर घराचे शब्द ऐकू यावयास हवे होते.

७

पुढे दूरदर्शन आले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि मराठी भावगीताला नवे बंद दालन मिळाले. अरुण काकतकर यांच्या 'शब्दांच्या पलीकडले' या कार्यक्रमासारख्या निर्मितींनी गीत, गायक, कवी व संगीतकार यांना एकत्र प्रेक्षकांच्या घरात आणले. दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत शीशमहाल उभारण्याइतका पैसा नसतो, वेळ तर त्याहून नसतो. बहुधा तीन कॅमेरे, मागे एक पडदा, काही पायऱ्या आणि बसलेला गायक, एवढीच सामग्री. निर्माता नियंत्रण-कक्षात बसून गीत चालू असतानाच कोणते चित्र केव्हा घ्यावयाचे हे ठरवितो. अशा वेळी त्याच्या हाती खरे साधन एकच असते : गीताची संहिता. अंतरा कोठे उघडतो, श्वास कोठे घेतला जातो, समेवर कोण येतो, दोन कडव्यांमधील तुकडा सतारीकडे आहे की बासरीकडे, हे ज्याने आधी वाचून ठेवले आहे त्याचा कॅमेरा योग्य वेळी योग्य जागी असतो. ज्याने वाचलेले नाही, त्याचा कॅमेरा बासरी संपल्यावर बासरीवाल्याकडे पोहोचतो.

गेल्या दोन दशकांत हेच दालन नव्या रूपाने परतले आहे. पाकिस्तानात २००८ पासून आणि भारतात २०११ पासून निघालेल्या 'कोक स्टुडिओ' मालिकांनी गायक-वादकांना एकत्र बसवून संगीत घडण्याची क्रियाच दृश्याचा विषय केली. तबल्यावरील बोटे, एका वादकाने दुसऱ्याला डोळ्यांनी दिलेली खूण, तान जागेवर आल्यावर उमटणारे हसू, यांत एक स्वाभाविक नाट्य आहे. 'संत तुकाराम'मधून आपण काढलेला निष्कर्षच येथे वेगळ्या रीतीने सिद्ध होतो : कामात बुडालेला माणूस पाहण्यासारखा असतो. मात्र या पद्धतीचे जेथे अनुकरण होते तेथे बहुधा फक्त दिवे, धूर आणि दर दोन क्षणांनी बदलणारी चित्रे उचलली जातात. अभंगातील 'मी'पण गळून पडण्याची ओळ चालू असताना कॅमेरा गायकाभोवती गरगर फिरत असतो. क्षेमेंद्राने कमरपट्टा गळ्यात व हार कमरेला घालणाऱ्याचे उदाहरण देऊन अनौचित्याचे हसे केले होते. ते अशा वेळी आठवल्यावाचून राहत नाही.

८

यावरून काही व्यावहारिक सूत्रे सांगता येतील. बंद दालनाला निसर्गाचे सोंग देऊ नये. त्याच्या बंदिस्तपणाला गीतातूनच अर्थ शोधावा. चौकटीत जवळची, मधली आणि दूरची अशा पातळ्या ठेवाव्यात, म्हणजे सपाट भिंतीपुढेही खोली निर्माण होते. सगळीकडे सारखा उजेड पसरू देऊ नये. काळोख हा स्टुडिओतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलका रंग आहे. सर्वांत प्रभावी युक्ती एकाच ओळीसाठी राखून ठेवावी आणि ती वापरून झाल्यावर सोडून द्यावी. ध्रुवपद परत आले की दृश्याने एक तर मूळ चौकटीकडे नव्या अर्थाने परतावे, नाही तर स्तब्ध राहावे.

साहित्याच्या वर्गासाठीही यातून एक अभ्यास सुचतो. विद्यार्थ्यांपुढे प्रथम गीताची संहिता वाचावी आणि प्रत्येक कडव्यातील मध्यवर्ती क्रियापद शोधण्यास सांगावे. नंतर तेच गीत आवाज बंद करून दाखवावे आणि दृश्य कोणत्या क्षणी बदलते याची नोंद करवावी. अखेरीस दोन्ही एकत्र ऐकून-पाहून या नोंदी ताडून पाहाव्यात. कोठे दृश्याने शब्दाला उत्तर दिले, कोठे त्याला झाकले, हे वेगवेगळ्या भाषांच्या विद्यार्थ्यांनाही सहज दाखविता येईल, कारण चौकटीला अनुवादाची गरज फार कमी लागते.

मोहन स्टुडिओ आज उरलेला नाही, चेंबूरच्या आर. के. स्टुडिओला २०१७ साली आग लागली आणि पुढे ती जागाही विकली गेली. पुण्याच्या 'प्रभात'च्या आवारात १९६० पासून चित्रपटाचे शिक्षण दिले जाते, म्हणून तेथील एका जुन्या स्टुडिओची भूमी तरी शिल्लक आहे. भिंती गेल्या तरी त्यांच्या आत घडलेली गीते राहिली आहेत. ती केवळ स्मरणरंजनासाठी पाहावयाची की एखाद्या कवितेइतक्या बारकाईने वाचावयाची, हा निर्णय आता आपल्याकडे, म्हणजे साहित्याच्या अभ्यासकांकडे आला आहे. आपण तो टाळला, तर आपल्या काळातील गीतकाव्याचा निम्मा अर्थ आपल्या नकळत दुसरेच कोणी ठरवीत राहील.